टेक्सासमधल्या भाच्यास

अर्व्हिंग, टेक्सास
रविवार

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारणं मागाहून. पिस्तूल विकत घ्यायचं नाही. कमरेला लावायचं नाही. मित्राचं हातात घेऊन बघायचंही नाही, आणि शूटिंग रेंजवर भाड्याने मिळतं तेसुद्धा चालवायचं नाही. हातात ग्रीन कार्ड येईपर्यंत हे असंच. कार्ड आल्यावर काय, याबद्दलही मला सांगायचं आहे, ते पुढे येईल.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात मी इतकी वर्षं फायली तयार करते आहे. घाईत, अर्धवट ऐकलेल्या कायद्यावर विसंबून चांगल्या मुलांची वर्षं वाया जाताना बघितली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते. सावकाश वाच.

मित्राने तुला सांगितलं ते खोटं नाही, अपुरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला पिस्तूल बाळगून चारचौघांत वावरायला परवाना लागत नाही. पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये हवं. रायफल खांद्याला अडकवून फिरायला इथे त्याआधीही बंदी नव्हती. म्हणून पेट्रोल पंपावर, हार्डवेअरच्या दुकानात, कधी बार्बेक्यूच्या रांगेत तुला कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसतो आणि आजूबाजूचं कोणी दचकत नाही. इथे नव्याने आलेल्याला वाटतं की हे सगळ्यांनाच मोकळं आहे.

सगळ्यांना नाही. ही मोकळीक ज्याला शस्त्र बाळगायला कायद्याने मनाई नाही त्यालाच आहे, आणि तुला मनाई आहे. ती टेक्सासने केलेली नाही, वॉशिंग्टनने केली आहे. अमेरिकेच्या संहितेचा अठरावा खंड, कलम ९२२, उपकलम (जी)(५)(बी). हा आकडा लिहून ठेव. नॉन-इमिग्रंट व्हिसावर देशात आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे. तुझा एच-१बी त्यात आला, त्याआधीचा एफ-१ आला, एल-१ आणि एच-४ आले, आईवडील सहा महिने येतात तो बी-२ सुद्धा आला. २०२२ साली काँग्रेसने या गुन्ह्याची शिक्षा वाढवली. आता ती पंधरा वर्षांपर्यंत कैदेची आहे. ग्रीन कार्डचा अर्ज भरला, आय-१४० मंजूर झालं, प्रायॉरिटी डेट जवळ आली, यातल्या कशानेही ती बंदी उठत नाही. एच-१बीवर आहेस तोवर बंदी आहे.

दोन कायदे एकाच रस्त्यावर लागू असतात, ही गोष्ट आपल्याकडून आलेल्या माणसाच्या लवकर अंगवळणी पडत नाही. भारतात शस्त्राचा कायदा एकच, १९५९ चा, आणि परवाना नसेल तर विषय तिथेच संपतो. इथे राज्याचा पोलीस तुला काही न म्हणता निघून जाईल, आणि तीच गोष्ट फेडरल वकिलाच्या टेबलावर गेली तर आरोपपत्र होईल. टेक्सासच्या पोलिसाने अडवलं नाही याचा अर्थ तुला परवानगी होती असा होत नाही.

आता रेंजबद्दल. रेंज म्हणजे खेळाची जागा, तिथे काय होणार, असं तू म्हणालास. यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला आहे, आणि तो तुझ्यासारख्याच एका मुलाचा आहे. रेहैफ हा संयुक्त अरब अमिरातीतून एफ-१ वर फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात शिकायला आलेला विद्यार्थी. मार्क कमी पडले, विद्यापीठाने काढून टाकलं, तो परत गेला नाही. एकदा तो रेंजवर गेला आणि तिथली दोन पिस्तुलं चालवली. त्याने कोणाकडे रोखलं नव्हतं की कोणाला धमकी दिली नव्हती. खालच्या कोर्टाने त्याला अठरा महिन्यांची शिक्षा दिली. २०१९ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला बंदूक जवळ असल्याचं माहीत होतं एवढं पुरेसं नाही. आपण बंदी असलेल्या वर्गात मोडतो हेही त्याला माहीत होतं, असं सरकारला सिद्ध करावं लागेल. त्याला दिलासा मिळाला. पण तुला हे पत्र पोचल्यावर, मला माहीत नव्हतं, असं तू म्हणू शकणार नाहीस. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

म्हणून ऑफिसची मंडळी टीम आउटिंगला रेंजवर निघाली, तर तू जायचं नाहीस. कोणी आग्रह केला तर सरळ सांग की माझा व्हिसा आहे, मला कायद्याने चालत नाही. इथली माणसं कायद्याचं कारण ऐकून घेतात. दादा आणि वहिनी हिवाळ्यात येतील तेव्हा त्यांना हौसेने रेंजवर न्यायचा बेत कोणी केला, तर तोही मोड. दादाला लष्कराची आवड आहे हे मला माहीत आहे. सॅन अँटोनियोचं अलामो दाखव, तो दिवसभर तिथे रमेल.

बंदूक खिशात असली तरच गुन्हा, असंही समजू नकोस. ती तुझ्या ताब्यात होती का, हवी तेव्हा तुला घेता आली असती का आणि तुला ठाऊक होती का, हे कोर्ट बघतं. तुझ्या रूममेटने पिस्तूल घेतलंय, तो नागरिक आहे, त्याला हक्क आहे. पण ते हॉलमधल्या टीव्हीखालच्या खणात असतं, असं तू म्हणालास, तेव्हा माझी झोप उडाली. उद्या कोणत्याही कारणाने घराची झडती झाली, तर त्या खणावर दोघांचाही ताबा होता असं कोणी म्हणू शकेल. ते त्याने स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या तिजोरीत ठेवावं आणि आकडा किंवा किल्ली फक्त त्याच्याकडे असावी. काडतुसंही तिथेच. काडतूस एकटं सापडलं तरी गुन्हा तोच आहे. हे त्याला पटत नसेल, तर लीज संपते आहे, दुसरं घर बघ. भाडं शंभर-दोनशे डॉलर जास्त गेलं तरी चालेल, कमी पडलं तर मी आहे.

गाडीचंही तेच. मित्राच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्समध्ये पिस्तूल असतं हे ठाऊक असेल, तर त्या गाडीचं स्टीअरिंग तू हातात घेऊ नकोस. आणि फोटो काढू नकोस. पुण्याच्या ग्रुपवर टाकायला हातात रायफल घेतलेला फोटो, हा तुझ्याच विरुद्धचा पुरावा तू स्वतःच्या हाताने तयार केलास असं होतं.

दुकानातून घ्यायचं म्हटलं तर ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का, हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. खोटं उत्तर देणं हा आणखी एक फेडरल गुन्हा. मित्राने त्याच्या नावावर घेऊन तुला द्यायचं ठरवलं, तर तोही अडकतो.

तू शिकारीच्या परवान्याबद्दल वाचलं असशील, म्हणून तेही सांगून टाकते. कायद्यात तसा अपवाद खरोखर आहे: अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला ही बंदी लागू होत नाही. काही मुलं टेक्सासचा शिकार परवाना काढून त्या जोरावर पिस्तूल घेतात. तो वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरच्या सकाळी नवा काढायचं राहून गेलं, तर कपाटातलं तेच पिस्तूल गुन्हा ठरतं. शिकारीची आवड असेल आणि वकिलाला विचारून, नीट शिकून करायचं असेल तर तो वेगळा विषय. तुला शिकार करायची नाही, तुला धीर हवा आहे. वर्षातून एका तारखेवर लटकणाऱ्या कागदात धीर शोधू नकोस.

कैदेचं क्षणभर सोडून दे. शस्त्राच्या कायद्याखाली दोषी ठरणं हे हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. बंदूक विकत घेणं, बाळगणं, घेऊन फिरणं, कायद्याविरुद्ध यातलं काहीही केलं आणि शिक्षा लागली की ते पुरतं. ग्रीन कार्डवाल्यांनाही ते लागू आहे, व्हिसावाल्याची तर बातच नको. तू आठ वर्षं इथे घालवलीस, दादाने त्यासाठी कर्ज काढलं होतं.

इथवर कायदा झाला. तू मला कायदा विचारला नव्हतास खरं म्हणजे. तू घाबरला आहेस, आणि ती भीती उगाच नाही, हे मी आधी मान्य करते. ६ मे २०२३ ला अॅलनच्या मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली. तुझ्या घरापासून तो मॉल किती लांब आहे, तूच सांग. त्या आठांत हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर होती, तुझ्याच वयाची. त्याआधी फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलेथच्या बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या इंजिनिअरला, तू या देशातला नाहीस म्हणून, गोळी घातली गेली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात फोन थांबत नव्हते. हे सगळं वाचून ज्याला काही वाटत नाही, त्याचीच मला काळजी वाटली असती.

टेक्सासच्या माणसांनाही वेडं समजू नकोस. हा मुलूख नेहमी असा नव्हता. १८७१ च्या कायद्याने इथे पिस्तूल बाळगून फिरायला बंदी आली आणि ती सव्वाशे वर्षं टिकली. १६ ऑक्टोबर १९९१ ला किलीनच्या ल्युबीज नावाच्या कॅफेटेरियात एकाने ट्रक आत घुसवून तेवीस माणसं मारली. सुझाना हप नावाच्या बाईंचे आई आणि वडील दोघंही त्यात मारले गेले. त्यांचं रिव्हॉल्वर गाडीत होतं. कायदा मोडायला नको म्हणून त्यांनी ते आत आणलं नव्हतं. त्या पुढे आमदार झाल्या. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी परवाना घेऊन लपवून शस्त्र बाळगण्याच्या कायद्यावर सही केली, १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला ते उघड लावता येऊ लागलं, आणि २०२१ मध्ये परवानाही गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सांगून टाकलं की स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. त्या बाईंचं दुःख खरं आहे. कमरेला पिस्तूल लावणाऱ्या तुझ्या सहकाऱ्याच्या मनातही बहुधा असंच काही असेल. त्याच्याशी वाद घालू नकोस.

पण ग्रीन कार्ड आल्यावरही तू उघड पिस्तूल लावू नयेस असं मला वाटतं, आणि याचं कारण कायद्यात सापडणार नाही. लपवलेलं शस्त्र फक्त तुला ठाऊक असतं. उघड शस्त्र समोरच्या प्रत्येकाला दिसतं, आणि ते बघून तो तुझ्याबद्दल काय ठरवेल ते तुझ्या हातात राहत नाही. त्याला तुझा चेहरा दिसतो, रंग दिसतो, दाढी दिसते, मग कंबर दिसते.

ओहायो हे उघड शस्त्र चालणारं राज्य. ५ ऑगस्ट २०१४ ला तिथल्या बीव्हरक्रीकच्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड हा कृष्णवर्णीय तरुण दुकानाच्याच फळीवरची छर्‍यांची बंदूक हातात घेऊन फोनवर बोलत चालला होता. कोणीतरी ९११ ला फोन केला, पोलीस आले आणि त्यांनी त्याला गोळी घातली. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या बागेत टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा खेळण्यातल्या पिस्तुलामुळे गेला. खरी रायफल घेऊन फिरायला ज्या राज्यात मुभा आहे, तिथे हे दोघं वाचले नाहीत. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात फिलँडो कॅस्टीलची गाडी पोलिसाने थांबवली. त्याच्याकडे परवाना होता. माझ्याजवळ शस्त्र आहे, असं त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितलं. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, आणि वर्षभराने ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवलं. आपण कृष्णवर्णीय नाही, हे मला माहीत आहे. पण अंधारात, घाईत, भ्यालेला माणूस किती बारकाईने फरक करेल यावर मी माझ्या भावाचा मुलगा पणाला लावणार नाही.

आणि आपल्या डॅलसमध्ये काय झालं ते तर डोळ्यांपुढचं आहे. ७ जुलै २०१६ च्या रात्री मोर्चावर बंदोबस्ताला असलेले पाच पोलीस एका माणसाने लपून मारले. त्या मोर्चात काही लोक रायफली खांद्याला लावून, पूर्णपणे कायदेशीरपणे, चालत होते. गोळीबार सुरू झाल्यावर त्यांतला कोण मारेकरी आणि कोण नागरिक हे पोलिसांना कळेना. त्यातल्या एकाचा फोटो संशयित म्हणून पोलिसांनीच जाहीर केला. त्याने आपली रायफल स्वतः पोलिसाच्या हाती दिली होती, चौकशीनंतर तो सुटला. तोपर्यंत त्याचा चेहरा देशभर फिरला होता. कोणी आधी ओळखून गोळी घातली असती तर?

याची उलटी बाजूही आहे. ३१ ऑक्टोबर २०१५ ला कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये एका बाईंनी रस्त्यावर रायफलवाला माणूस बघून ९११ ला फोन केला. राज्यात उघड शस्त्र बाळगणं कायदेशीर आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. थोड्याच वेळात त्या माणसाने तीन जणांना मारलं. जिथे रायफल दिसणं रोजचं होतं, तिथे मारेकरी गोळी झाडेपर्यंत इतरांसारखाच दिसतो. माझ्या मते या मोकळिकीचं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे, आणि मी इथली नागरिक म्हणून मत देताना ते लक्षात ठेवते.

कायदासुद्धा बघणाऱ्याच्या नजरेपासून मोकळा राहिलेला नाही. २ मे १९६७ ला ब्लॅक पँथर पक्षाची माणसं भरलेल्या बंदुका उघड घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेली. तेव्हा ते कायदेशीर होतं. त्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी मलफर्ड कायद्यावर सही केली आणि कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड नेणं बंद झालं. शस्त्राच्या हक्काच्या मोठ्या पाठीराख्यांनी तेव्हा त्या कायद्याला पाठिंबाच दिला.

तू म्हणशील, मग करायचं काय? बरंच काही आहे. टेक्सासात दुकानात मिळणारा मिरपुडीचा लहान स्प्रे जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही. तो बंदूक ठरत नाही, तुझ्या व्हिसाला लागत नाही. किल्लीच्या जुडग्याला लाव. विमानतळावर जाताना काढ. रात्री उशिरा पार्किंग लॉटमध्ये फोन बघत चालू नकोस. दुकानात, मॉलमध्ये, थिएटरात गेलास की बाहेर पडायचे दोन मार्ग बघून ठेव, त्याला अर्धा मिनिट लागतो. गोळीबार झालाच तर आधी पळायचं, पळता येत नसेल तर दार लावून लपायचं, फोनचा आवाज बंद करायचा; झुंजायचं ते अगदीच शेवटी. हे इथल्या शाळेत लहान मुलांनाही शिकवतात.

रस्त्यावर हॉर्न वाजवू नकोस. हे मी गंभीरपणे सांगते आहे. पुण्याच्या सवयीने तू वाजवतोस. इथे पुढच्या गाडीत पिस्तूल आहे असंच धरून चालायचं. कोणी मागे लागला तर घराकडे न जाता पोलीस ठाण्याकडे किंवा गर्दीच्या पंपाकडे वळायचं. पोलिसाने थांबवलं तर आतला दिवा लाव, दोन्ही हात स्टीअरिंगवर, लायसन्स कुठे आहे ते आधी सांगून मगच खिशात हात घालायचा. त्याच्याशी कायद्याचा वाद रस्त्यावर कधीच करायचा नाही.

दुकानात कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसला तर टक लावून बघू नकोस, व्हिडिओ काढू नकोस. सामान घे आणि दूर जा. पिस्तूल हातात आलं किंवा कोणाकडे रोखलं तर बाहेर पड आणि ९११ ला फोन कर. लोक घाबरावेत अशा बेताने शस्त्र दाखवणं टेक्सासातही गुन्हा आहे. दारांवरच्या पाट्या वाचायला शीक. ३०.०५, ३०.०६, ३०.०७ अशा आकड्यांच्या इंग्रजी-स्पॅनिश पाट्या म्हणजे मालकाने शस्त्र आणायला मनाई केली आहे. लाल ५१% दिसलं तर तो दारूवर चालणारा बार, तिथे शस्त्राला कायद्यानेच बंदी. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ३ ऑगस्ट २०१९ च्या गोळीबारात तेवीस माणसं गेल्यावर त्या कंपनीने महिनाभरातच गिऱ्हाइकांना शस्त्र उघड घेऊन न येण्याची विनंती केली. त्याआधी, एल पासोनंतर पाचच दिवसांनी, मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या वॉलमार्टमध्ये एक तरुण आपला हक्क तपासायला म्हणून रायफल घेऊन आणि चिलखत घालून शिरला होता. लोक घाबरून बाहेर पळाले. त्याला अटक झाली.

इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल उघड लावणं चालत नाही. नोकरी बदलून राज्य बदललंस तर तिथलं वेगळं असेल, तेव्हा विचार.

आता जे लिहायला मला सर्वांत जड जातं ते. २०२२ मध्ये या देशात बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या. मॉलमधला मारेकरी टीव्हीवर दिसतो, या आत्महत्या दिसत नाहीत. तुझ्यासारख्या मुलांचं आयुष्य मी फायलींतून बघते: नोकरी गेली की साठ दिवस, त्यात नवी मिळाली नाही तर सामान गुंडाळायचं, घरी काय सांगायचं म्हणून कोणाशी बोलायचं नाही, चारशे चौरस फुटांच्या घरात एकटं बसायचं. त्या साठ दिवसांतल्या एखाद्या वाईट रात्री खणात भरलेलं पिस्तूल नसणं, हे माझ्या मते तुझं सर्वांत मोठं संरक्षण आहे. तशी रात्र आली तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. मी नाही उचलला तर ९८८ लाव, तिथे दिवसरात्र माणूस असतो. व्हिसा विचारत नाहीत.

रूममेटशी या आठवड्यातच बोल, लीजची सही व्हायच्या आधी. बोलणं झालं की मला कळव. दुसरं घर बघायचं ठरलं तर शनिवारी मी मोकळी आहे, दोघं जाऊन बघू. दादाला यातलं मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सांगितलंस तर त्याला बरं वाटेल.

तुझी
आत्या

ता. क. डिसेंबरात घरी जाशील तेव्हा रूममेटची किंवा कोणाचीही बॅग उसनी घेऊ नकोस. रेंजवर नेलेल्या बॅगेच्या कप्प्यात एखादं काडतूस राहून जातं आणि ते मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेत दिसतं. भारतात शस्त्र कायद्याखाली तेवढ्यावर गुन्हा नोंदतात. ते जवळ असल्याचं माणसाला माहीतच नव्हतं, असं दिसलं तर कोर्टं असे गुन्हे रद्द करतात, पण तोवर सुट्टी संपते आणि व्हिसाच्या पुढच्या मुलाखतीत अटकेबद्दल विचारतात. नवी बॅग घे. पैसे मी पाठवते.